प्राथमिक आरोग्य केंद्रांतला प्रतिजैविकांचा वापर मोजायचा कसा?

प्रश्न असा: तालुक्यात सात प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. बाह्यरुग्ण विभागात प्रतिजैविके (अँटिबायोटिक) किती जणांना आणि कशासाठी लिहिली जातात, याचा वर्षभराचा आढावा घ्यायचा आहे. प्रत्येक केंद्रातले ३० केसपेपर पुरतील का? की ई-औषधीतले (सरकारी औषधसाठ्याच्या संगणकीय नोंदीतले) खपाचे आकडे सरळ वापरावेत? आणि हाती आलेली टक्केवारी ताडून पाहायची ती कशाशी?

तिन्हींची उत्तरे आधी देतो. केंद्राकेंद्रांची तुलना करायची असेल तर ३० पुरत नाहीत. ई-औषधी औषध कुठे गेले ते सांगते, कोणाला कशासाठी दिले ते सांगत नाही. ताडून पाहायला सर्वमान्य असा आदर्श आकडा नाही. पण बहुतेक आढावे या तीन ठिकाणी फसत नाहीत. ते त्याच्याही आधी, टक्केवारीच्या छेदातच फसलेले असतात. म्हणून सुरुवात तिथून.

छेदात कोण?

‘शंभर रुग्णांमागे किती जणांना प्रतिजैविक’ हे वाक्य सोपे वाटते. पण ओपीडी रजिस्टरमध्ये शंभर ओळींत कोण कोण असते ते पाहा. ताप-खोकला-जुलाबाचे रुग्ण, बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेले, गरोदर माता, कुत्रा चावलेले, ड्रेसिंगला आलेले, दाखला मागणारे, क्षयरोगाची औषधे नेणारे. आता एका केंद्रात बीपी-शुगरचे रुग्ण स्वतंत्र एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) रजिस्टरात लिहितात आणि दुसऱ्यात सगळे एकाच रजिस्टरात. दुसऱ्या केंद्रातल्या शंभरपैकी ४० जण महिन्याच्या गोळ्यांचे आणि उरलेल्या ६० पैकी ३० जणांना प्रतिजैविक, तर सरसकट टक्केवारी येते ३०. पहिल्या केंद्रातला डॉक्टरही निम्म्या आजारी माणसांना प्रतिजैविक लिहितो, पण त्याची टक्केवारी ५० दिसते. दोघांची सवय एकच, बदनाम मात्र एकजण.

तेव्हा छेद असा ठरवा: नवीन, तात्पुरत्या आजाराची तक्रार घेऊन आलेली रुग्णभेट. लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, जुनाट आजाराची नियमित औषधे, क्षयरोग-कुष्ठरोगाचे उपचार, दाखले, ड्रेसिंग हे सगळे बाहेर. मधुमेहाचा रुग्ण खोकला घेऊन आला तर तो आत. हा नियम अर्ध्या पानावर लिहून नोंद घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्या, कारण रजिस्टर उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत शंका येतात आणि मग ज्याला जसे सुचेल तसे तो ठरवतो.

पुनर्भेटीचे वेगळे दुखणे आहे. बऱ्याच केंद्रांत खिडकीवरून दोन-तीन दिवसांच्याच गोळ्या मिळतात आणि ‘परत या’ सांगितले जाते. म्हणजे एकाच न्यूमोनियाचा एकच कोर्स रजिस्टरात दोन भेटी आणि दोन प्रतिजैविके म्हणून उमटतो. सात दिवसांच्या आत त्याच तक्रारीसाठी आलेली भेट ‘पुनर्भेट’ म्हणून खूण करा आणि मुख्य टक्केवारीतून वगळा. पण टाकून देऊ नका; कोर्सचे दिवस मोजताना ती लागते.

अंशात काय?

प्रतिजैविक कशाला म्हणायचे हेही आधी ठरवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एटीसी वर्गीकरणात शरीरात घ्यायची प्रतिजैविके ‘जे०१’ या गटात येतात. या गटात तोंडाने घ्यायचे मेट्रोनिडाझोल नाही! शिरेतून द्यायचे मेट्रोनिडाझोल जे०१ मध्ये, आणि गोळी मात्र परजीवीविरोधी औषधांत, ‘पी०१’ मध्ये. प्राथमिक आरोग्य केंद्रात मेट्रोनिडाझोलची गोळी जुलाबाला सर्रास दिली जाते. ती धरली की नाही यावर आकडा चांगलाच हलतो. उलट संघटनेच्याच १९९३ च्या औषधवापर-पाहणीच्या पुस्तिकेत त्वचेवरची मलमे आणि डोळ्यांचे थेंबही प्रतिजैविकांत मोजलेले आहेत. त्यामुळे दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी दोघांनी काय मोजले ते पाहावे लागते.

व्यवहारात दोन याद्या करा. ‘क’ यादीत जे०१ आणि तोंडाने घ्यायची मेट्रोनिडाझोल-टिनिडाझोल. ‘ख’ यादीत प्रतिजैविकांची मलमे, डोळ्या-कानाचे थेंब. मुख्य निर्देशक ‘क’ वर, ‘ख’ वेगळा. अल्बेंडाझोल, आयव्हरमेक्टिन, फ्लुकोनाझोल, असायक्लोव्हिर आणि पोव्हिडोन आयोडीन कोणत्याच यादीत नाहीत. क्षयाची औषधे आणि कुष्ठरोगाची एमडीटी पाकिटे छेदाबरोबरच बाहेर गेली आहेत. दोन औषधांची एकत्र गोळी हे एकच औषध धरा, पण तिची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा. त्याकडे पुढे येतो.

किती आणि कसे निवडायचे?

३० चा आकडा त्या १९९३ च्या पुस्तिकेतूनच आलेला आहे, पण अर्धवट. तिथे म्हटले आहे २० केंद्रे आणि प्रत्येकी ३० भेटी, म्हणजे किमान ६००, आणि तेही सगळ्या केंद्रांचे मिळून एक चित्र काढण्यासाठी. एकेका केंद्राबद्दल बोलायचे असेल तर तीच पुस्तिका किमान १०० सांगते. गणित साधे आहे. ३० पैकी ४५ टक्क्यांना प्रतिजैविक आढळले, तर खरा आकडा साधारण २७ ते ६३ यांमध्ये कुठेही असू शकतो. १०० घेतले तर ३५ ते ५५. प्रत्येकी १०० घेऊनही दोन केंद्रांतला फरक १४ अंशांपेक्षा (म्हणजे दोन टक्केवाऱ्यांच्या वजाबाकीत १४ पेक्षा) कमी असेल तर तो निव्वळ नशिबाचा खेळ असू शकतो. ३०-३० केसपेपरांवर सात केंद्रांची क्रमवारी लावणे म्हणजे नाणेफेक करून गुणपत्रिका भरण्यासारखे आहे.

तुमच्या बाबतीत एक सोय आहे. सातही केंद्रे घेणार असल्याने ती ‘निवडलेली’ नाहीत, सगळीच आहेत. प्रत्येकी १००, एकूण ७००, आणि तालुक्याचा आकडा काढताना प्रत्येक केंद्राला त्याच्या ओपीडीच्या प्रमाणात वजन दिले, तर तालुक्याची टक्केवारी चार-पाच अंश इकडेतिकडे इतकी नेमकी मिळते. वजन न देता सात टक्केवाऱ्यांची सरासरी काढली की दिवसाला २० रुग्ण पाहणारे आणि ९० रुग्ण पाहणारे केंद्र एकाच मापात येते. ही चूक फार सापडते.

निवड रजिस्टरच्या क्रमांकावरून करा. समजा वर्षात छेदात बसणाऱ्या १८,००० भेटी आहेत आणि १०० हव्यात, तर अंतर १८०. एक ते १८० मधला एक आकडा चिठ्ठी काढून घ्या, तिथून दर १८० वी ओळ. ती ओळ छेदात बसत नसेल तर पुढची बसणारी. पण पुढचा टप्पा मोजताना मूळ ओळीपासूनच मोजा, नाहीतर हळूहळू अंतर सरकते. वर्ष पूर्ण बारा महिन्यांचे घ्या. फक्त जुलै-ऑगस्ट घेतले तर जुलाब आणि ताप भरमसाट, फक्त मार्च-एप्रिल घेतले तर चित्र निराळे.

क्रमांकाऐवजी दिवस निवडायचा मोह होतो, कारण एका दिवसाची पाने भराभर उतरवता येतात. त्यात आठवडी बाजार आडवा येतो. बाजाराच्या दिवशी ओपीडी दुप्पट-तिप्पट, तपासणीला वेळ कमी, लांबच्या वाडीवरचा रुग्ण ‘आता पुन्हा येणार नाही’ म्हणून औषध जास्त. दर सातवा किंवा चौदावा दिवस घेतला तर एकतर सगळे बाजाराचे दिवस येतात किंवा एकही येत नाही. शिवाय एका दिवशी बहुधा एकच डॉक्टर असतो, त्यामुळे त्या दिवसाचे ३० कागद ही ३० स्वतंत्र माहितीची टाचणे नसतात.

सुधारणा मोजायची असेल तर संख्या आणखी लागते. ६० टक्क्यांवरून ४५ वर आले हे खात्रीने म्हणायला आधी आणि नंतर प्रत्येकी सुमारे १७० भेटी हव्यात, आणि एकाच दिवसाच्या भेटी एकसारख्या असतात हे धरले तर त्याहून जास्त.

कागदावर काय सापडते?

केसपेपर रुग्णासोबत घरी जातो. केंद्रात उरते ते ओपीडी रजिस्टर आणि औषध वाटपाची नोंदवही. म्हणून निवड सुरू करण्याआधी प्रत्येक केंद्रातली कोणत्याही महिन्याची २० पाने चाळा. निदानाच्या रकान्यात काहीतरी लिहिलेले आहे का? उपचाराच्या रकान्यात औषधांची नावे आहेत की नुसते ‘उपचार दिले’? दहातल्या दोन-तीन ओळींहून जास्त कोऱ्या असतील तर मागचे वर्ष विसरा आणि पुढे पाहा: दर महिन्याला चिठ्ठी टाकून निवडलेले तीन कामाचे दिवस, त्या दिवशी औषधाच्या खिडकीवर प्रत्येक केसपेपरची नोंद. वर दिवस निवडण्याचे धोके सांगितले तेच इथेही आहेत, पण दिवस चिठ्ठीने निघाले, दिवसाच्या ओपीडीप्रमाणे वजन दिले आणि संख्या वाढवली तर चालते. लक्ष ठेवले जाते आहे हे कळल्यावर डॉक्टर पहिले काही दिवस जपून लिहितात, म्हणून पहिल्या महिन्याची नोंद सरावाची धरून हिशेबाबाहेर ठेवा.

खिडकीवर उभे राहिल्याशिवाय न दिसणारी एक गोष्ट म्हणजे बाहेरची चिठ्ठी. केंद्रात नसलेले औषध वेगळ्या कागदावर लिहून दिले जाते आणि तो कागद कोणत्याच रजिस्टरात नसतो. सेफिक्झीम किंवा ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट बहुधा याच वाटेने जातात. वर्षातून किमान एकदा, प्रत्येक केंद्राबाहेर ३०-४० रुग्णांना थांबवून हातातले सगळे कागद पाहा. त्यातून रजिस्टरमधला आकडा किती अपुरा आहे याचा अंदाज येतो.

नोंदीसाठी दोन तक्ते करा, एक नको. पहिल्यात एका ओळीत एक भेट: संकेतांक, केंद्र, तारीख, वय, लिंग, तक्रार जशी लिहिली आहे तशी, निदान जसे लिहिले आहे तसे, पुनर्भेट आहे का, लिहिणारा कोण (वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी की परिचारिका, नाव नको, संकेत), एकूण औषधे किती, इंजेक्शन आहे का. दुसऱ्यात एका ओळीत एक औषध: तोच संकेतांक, औषध, ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवस, प्रत्यक्ष किती गोळ्या दिल्या. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबले की ज्या रुग्णाला दोन प्रतिजैविके मिळाली तो दोनदा मोजला जातो आणि टक्केवारी फुगते. एक्सेलमध्ये हे सहज होते आणि सहज लक्षात येत नाही.

मग अक्षर आणि आद्याक्षरे. ‘सीपी’ म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन की सर्दीची सीपीएम? ‘सेफ ५००’ म्हणजे सेफॅलेक्सिन की सेफाड्रॉक्सिल? ‘ॲमॉक्सी ६२५’ लिहिले असेल तर ते ॲमॉक्सिसिलिन नव्हे, क्लॅव्हुलॅनेटसह ५०० अधिक १२५ आहे. ‘सेप्ट्रान’ म्हणजे कोट्रायमोक्साझोल, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. अशा वेळी अंदाज बांधू नका. त्या तारखेचे साठा पुस्तक उघडा. त्या दिवशी केंद्रात सेफॅलेक्सिन होते आणि सेफाड्रॉक्सिल नव्हते, तर प्रश्न मिटला. तरीही न कळल्यास ‘अवाचनीय’ लिहा आणि असे किती निघाले ते अहवालात द्या. एकूण नोंदींपैकी दहावा हिस्सा दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याची नोंद न दाखवता, पुन्हा भरून घ्या. ‘प्रतिजैविक आहे की नाही’ यावर दोघे जवळपास नेहमी जुळायला हवेत. शंभरात पाचपेक्षा जास्त ठिकाणी जुळत नसतील तर यादीच धड समजावलेली नाही. निदानाच्या गटावर मतभेद जास्त निघतात, ते बसून सोडवा.

निदानाशिवाय आकडा मुका

सरसकट टक्केवारीवरून डॉक्टरला काहीच सांगता येत नाही. तो म्हणतो, ‘माझ्याकडे येतातच तसे रुग्ण’, आणि त्याचे म्हणणे खोटे ठरवायला तुमच्याकडे काही नसते. म्हणून दोनच आजार निवडा जिथे प्रतिजैविकाची गरज क्वचित असते: सर्दी-खोकला (आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले जे०० ते जे०६) आणि रक्त नसलेले पातळ जुलाब. या दोन्हींसाठी वरच्या १०० भेटी पुरणार नाहीत. त्यांत सर्दी-खोकल्याचे २५ निघाले तर चूक वीस अंशांची. रजिस्टरमधून फक्त या निदानांच्या ओळी क्रमाने काढून प्रत्येक केंद्रातून प्रत्येकी ५० भेटी वेगळ्या घ्या.

पण ‘गरज नाही’ म्हणण्याआधी गरज असलेले बाजूला काढता आले पाहिजेत. शौचात रक्त असेल तर प्रतिजैविक योग्य, पातळ जुलाबाला ओआरएस आणि मुलांना १४ दिवस झिंक. सर्दी-खोकल्याच्या मुलात श्वास जलद असेल (२ ते १२ महिन्यांत मिनिटाला ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक) तर तो न्यूमोनिया आणि तोंडाने ॲमॉक्सिसिलिन हा योग्यच उपचार. बहुतेक रजिस्टरात श्वासाची गती लिहिलेलीच नसते. मग तोच निर्देशक करा: खोकला घेऊन आलेल्या पाच वर्षांखालच्या किती मुलांच्या नोंदीत श्वासाची गती आहे? माझ्या मते हा आकडा प्रतिजैविकांच्या टक्केवारीइतकाच बोलका आहे, आणि तो सुधारणे डॉक्टरच्या हातात आहे. न्यूमोनियाच्या किती मुलांना ॲमॉक्सिसिलिन मिळाले हेही मोजा. कमी लिहिणे म्हणजे नेहमीच चांगले लिहिणे नव्हे.

नुसता ‘ताप’ मात्र या यादीत घालू नका. कोकणात पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतो, विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसची साथ येऊन गेली आहे. तिथे तापाला डॉक्सिसायक्लिन देणारा डॉक्टर शहाणा असू शकतो. पुरानंतर चिखलपाण्यात वावरलेल्यांना प्रतिबंधक म्हणून दिलेले डॉक्सिसायक्लिन तर आजारी भेटच नव्हे. ते ओपीडीत नोंदवले गेले असेल तर वेगळे काढा, नाहीतर त्या महिन्याचा आलेख आभाळाला भिडतो आणि केंद्राला विनाकारण खुलासा द्यावा लागतो.

कोणते प्रतिजैविक?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली: ॲक्सेस (नेहमीच्या आजारांना आधी वापरायची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची). यालाच ‘अवेअर’ म्हणतात. केंद्रातली ॲमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, डॉक्सिसायक्लिन, कोट्रायमोक्साझोल, मेट्रोनिडाझोल, जेंटामायसिन ही ॲक्सेस. अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, सेफिक्झीम, सेफ्ट्रिॲक्झोन ही वॉच. लिनेझोलिड, कोलिस्टिनसारखी रिझर्व्ह औषधे या पातळीवर दिसूच नयेत. आणखी एक ‘न सुचवलेल्या’ जोडगोळ्यांची यादी आहे: ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, सेफिक्झीम-ओफ्लॉक्सासिन वगैरे. जोडगोळीसाठी वेगळा रकाना सांगितला तो यासाठी. बाहेरच्या चिठ्ठ्यांत त्या हमखास सापडतात. यादी काही वर्षांनी सुधारते (२०१९, २०२१, २०२३), म्हणून कोणत्या वर्षाची वापरली ते लिहा.

देशपातळीवर २०२३ पर्यंत वापराचा ६० टक्के भाग ॲक्सेस गटाचा असावा असे लक्ष्य होते. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०३० साठी ७० टक्के ठरले. हे लक्ष्य एकट्या केंद्राला लावताना एक सापळा आहे. प्रत्येक जुलाबाला मेट्रोनिडाझोल देणाऱ्या केंद्राचा ॲक्सेस वाटा आपोआप ८०-८५ टक्क्यांवर जातो. अनावश्यक औषध जितके जास्त, तितके प्रगतिपुस्तक चांगले! म्हणून ॲक्सेसचा वाटा दोनदा काढा, मेट्रोनिडाझोलसह आणि त्याच्याशिवाय, आणि जुलाबातल्या वापराच्या शेजारी ठेवूनच वाचा.

डीडीडी आणि ई-औषधी

डीडीडी म्हणजे प्रौढाच्या नेहमीच्या आजारासाठीची ठरवलेली सरासरी दैनिक मात्रा. तोंडाने घ्यायच्या ॲमॉक्सिसिलिनची १.५ ग्रॅम (२०१९ आधी १ ग्रॅम होती; जुने आकडे ताडताना सांभाळा), अझिथ्रोमायसिनची ०.३ ग्रॅम, डॉक्सिसायक्लिनची ०.१ ग्रॅम, सेफिक्झीमची ०.४ ग्रॅम. आता हिशेब करा. ॲमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा पाच दिवस म्हणजे ७.५ ग्रॅम, ५ डीडीडी. अझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ तीन दिवस म्हणजे १.५ ग्रॅम, तेही ५ डीडीडी. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सात दिवस म्हणजे १४ डीडीडी. म्हणजे डॉक्सिसायक्लिनचे दहा रुग्ण अझिथ्रोमायसिनच्या २८ रुग्णांइतके दिसतात. उलट मुलाला दिलेली १२५ मिग्रॅ प्रति ५ मिलीची ६० मिलीची बाटली म्हणजे जेमतेम १ डीडीडी, म्हणून मुले जास्त येणारे केंद्र डीडीडीत उगाच सोज्वळ दिसते. ओपीडीतली सवय मोजायला रुग्णभेटींची टक्केवारीच बरी. डीडीडी खपाच्या मोठ्या चित्रासाठी ठेवा.

ई-औषधीचा खरा उपयोग पडताळणीसाठी होतो. समजा १०० च्या नमुन्यात २४ जणांना ॲमॉक्सिसिलिन ५०० मिळाले, सरासरी १० कॅप्सूल. १८० ने गुणले की वर्षाचा अंदाज ४३,२०० कॅप्सूल. साठ्यात मात्र ७०,००० खर्ची पडलेल्या दिसतात. उरलेल्या कुठे गेल्या? उपकेंद्रांना, शिबिरांना, आश्रमशाळेच्या भेटींना, प्रसूतीच्या रुग्णांना, मुदतबाह्य म्हणून बाजूला. ई-औषधीत उपकेंद्राला पाठवलेला डबा ‘खर्च’ दिसतो, तो तिथे अजून सीलबंद पडलेला असला तरी. ही तफावत जुळवून पाहिली नाही तर दोन्ही आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. आणि मुदत संपत आलेली खेप आली की दोन महिने वाटप वाढते, हेही साठा पुस्तकातच दिसते.

त्याच ४३,२०० कॅप्सूल म्हणजे १४,४०० डीडीडी. ३०,००० लोकसंख्येला भागले की दर हजारी दर दिवशी सुमारे १.३. भारताच्या खासगी बाजाराचा २०१९ चा प्रसिद्ध झालेला आकडा १०.४ होता, आणि त्यातला ५४.९ टक्के भाग वॉच गटाचा. या दोन आकड्यांची तुलना करून केंद्र किती काटकसरी आहे असे लिहू नका. एक आकडा एका औषधाचा आणि एका खिडकीचा आहे, दुसरा सगळ्या दुकानांचा. तुमच्या गावातला माणूस केंद्रात येण्याआधी खासगी दवाखान्यातून पुडी घेऊन आलेला असतो, ती कुठेच मोजली जात नाही. केसपेपर भरताना ‘आधी कुठे औषध घेतले का’ हा एक प्रश्न विचारून ठेवला तर बरेच कळते.

साठ्याचा आणखी एक संबंध. ॲमॉक्सिसिलिन संपलेले असताना अझिथ्रोमायसिन लिहिले जाणारच. तो डॉक्टरचा दोष नाही. दर महिन्याला यादीतले प्रत्येक प्रतिजैविक किती दिवस शून्यावर होते याची ओळ आकड्यांच्या खाली छापा. ताकीद डॉक्टरला द्यायची की मागणीपत्र वेळेवर पाठवायचे, हे त्या ओळीवरून ठरते.

कशाशी ताडायचे, कोणाला दाखवायचे?

‘२० ते २६.८ टक्के हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण’ असे शेकडो निबंधांत वाचायला मिळते. १९९३ च्या पुस्तिकेत असा आदर्श आकडा नाही. तो नंतर संशोधकांनी सुचवलेला आहे आणि एकमेकांचे पाहून उतरवत आला आहे. तुमच्या छेदातून जुनाट आजार आणि गरोदर माता वगळलेल्या असल्याने तो तसाही लागू नाही. केंद्राची तुलना त्याच केंद्राच्या गेल्या वर्षाशी, आणि सर्दी-खोकला, पातळ जुलाब यांच्यापुरती बाकी सहांशी. वय पाच गटांत नको, तीन पुरे: पाच वर्षांखाली, ५ ते ५९, साठ आणि पुढे.

आलेख मासिक काढू नका. महिन्याच्या ३० भेटींवर नियंत्रण-मर्यादा (निव्वळ योगायोगाने आकडा जितका हलू शकतो ती हद्द) वरखाली २७ अंश येतात, म्हणजे काहीही झाले तरी ‘नेहमीसारखेच’. तिमाहीला १०० घेतल्या तर १५ अंश. निदान मोठा बदल दिसतो.

प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला स्वतःचा ठिपका रंगीत, इतरांचे ठिपके निनावी असा एक कागद द्या. मासिक सभेत नावे वाचून दाखवली की पुढच्या महिन्यात वापर कमी होत नाही, नोंदी कमी होतात. इंग्लंडमध्ये २०१४ साली सर्वाधिक लिहिणाऱ्या २० टक्के दवाखान्यांपैकी निम्म्यांना ‘तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात’ असे पत्र गेले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांचा वापर पत्र न मिळालेल्यांपेक्षा ३.३ टक्क्यांनी कमी राहिला. थोडाच, पण नुसत्या पत्राने. परवानगी मात्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी घ्या, अभ्यास प्रसिद्ध करणार असाल तर नीतिमत्ता समितीचीही, आणि रुग्णाचे नाव तक्त्यात कधीच उतरवू नका.

दुसरी फेरी त्याच महिन्यांत, त्याच नियमांनी, शक्य तर त्याच माणसांकडून भरून घ्या. आणि तिच्यात निदानांचे वाटप आधी तपासा. सर्दी-खोकल्यावर लक्ष आहे हे कळले की काही ठिकाणी ‘सर्दी-खोकला’ची ‘ब्राँकायटिस’ किंवा ‘घशाचा जंतुसंसर्ग’ होते. औषध तेच, निदान नवे. सर्दी-खोकल्यातली टक्केवारी ६० वरून ४० वर आली, पण सर्दी-खोकल्याचे रुग्णच निम्मे झाले आणि ब्राँकायटिस तिप्पट, तर काही सुधारलेले नाही. म्हणून श्वसनाच्या सगळ्या तक्रारी एकत्र धरून एक टक्केवारी कायम शेजारी ठेवा. ती जागची हलली नसेल, तर पहिली मोजू नका.